धुराची झालर

रेसिंग गाडीची पकड कुठून येते असं विचारलं की बहुतेकांचं बोट मागच्या विंगकडे जातं. साहजिक आहे. विंग डोळ्यांत भरते, तिच्यावर जाहिराती रंगवलेल्या असतात. पण गाडीला रस्त्यावर धरून ठेवण्याचं फार मोठं काम तिच्या पोटाखाली चालतं, जिथं बघायचं तर मेकॅनिकलाही जमिनीवर आडवं व्हावं लागतं. गेली काही वर्षं मी या पोटाखालच्या हवेच्या नादी लागलो आहे. भाचा इंजिनिअरिंगला गेला, कॉलेजच्या रेसिंग टीममध्ये शिरला आणि त्याच्या वहीतली गणितं आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊ लागली, तेव्हापासून.

त्यातलं एक गणित प्रत्येकाने करून बघावं असं आहे. समुद्रसपाटीला आपल्या डोक्यावरच्या हवेचा भार दर चौरस मीटरमागे दहा टनांच्या थोडा वर भरतो. गाडीवर तो वरून असतो तसाच खालूनही असतो, म्हणून जाणवत नाही. आता गाडी ताशी २०० किलोमीटरने चालली आहे आणि तिच्या पोटाखालून हवा त्याच्या दीडपट वेगाने मागे सरकते आहे, असं धरा. हवेचा वेग वाढला की तिचा दाब उतरतो, हे सांगणारं बर्नुलीचं समीकरण मांडलं तर खालचा दाब जेमतेम सव्वादोन टक्क्यांनी उतरतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण दहा टनांवर सव्वादोन टक्के म्हणजे दर चौरस मीटरला सव्वादोनशे किलोंहून जास्त भार झाला, आणि गाडीचं पोट एका चौरस मीटरपेक्षा बरंच मोठं असतं. २०११ साली फॉर्म्युला वनच्या गाडीचं किमान वजन ड्रायव्हर धरून ६४० किलो होतं. तो आकडा शेजारी ठेवला की या सव्वादोन टक्क्यांची किंमत कळते. गाडी वजनाने तेवढीच राहते आणि टायर मात्र कितीतरी जड गाडी उचलल्यासारखे रस्त्याला चिकटतात. वेग दुप्पट झाला की हा भार चौपट होतो.

जाता जाता, आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे. इथली हवा त्या मानाने पाच-सहा टक्के विरळ, म्हणजे उद्या इथं रेसट्रॅक झाला तर मुंबईच्या मानाने तितकी पकड कमीच मिळणार. मेक्सिको सिटीचा ट्रॅक बावीसशे मीटरच्या वर आहे. तिथं टीम मोठ्यात मोठी विंग लावतात आणि तरी गाड्या सरळ रस्त्यावर वाऱ्यासारख्या पळतात, वळणावर मात्र घसरतात.

हवा पोटाखालून जोरात का जाईल, हा खरा प्रश्न. जागा अरुंद आहे म्हणून, असं उत्तर पटकन दिलं जातं. ते अर्धंच आहे. नुसती अरुंद जागा असेल तर हवा आत शिरायलाच नको म्हणेल, बाजूने वळसा घालून निघून जाईल. तिला ओढून घेणारी गोष्ट मागे असते. गाडीचा तळ मागच्या बाजूला हळूहळू वर उचललेला असतो, त्या भागाला डिफ्यूजर म्हणतात. तिथं वाट रुंदावते, हवेचा वेग उतरतो आणि दाब वाढत वाढत बाहेरच्या हवेइतका होतो. शेवटी दाब बाहेरच्याइतका होणार हे ठरलेलंच आहे, त्यामुळे त्याआधीच्या अरुंद भागात तो बाहेरच्यापेक्षा खाली उतरल्याशिवाय हिशेब जुळत नाही. डिफ्यूजर जितका रुंदावेल तितकी पुढची ओढ वाढते. मला हे फार आवडतं. गाडीच्या पुढच्या चाकांमागे किती हवा शिरेल हे मागच्या टोकाला ठरतं.

अर्थात डिफ्यूजर वाटेल तितका उचलून चालत नाही. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि बघणं वेगळं. भाच्याच्या टीमने फायबरचा एक डिफ्यूजर बनवला होता, त्याचा कोन बदलता येईल असा. रविवारी अंबड एमआयडीसीतले रस्ते मोकळे असतात. मेनरोडवरून पिवळ्या लोकरीचा गुंडा आणला, बोटभर लांबीचे तुकडे कापले आणि पोरांनी ते डिफ्यूजरच्या आतल्या बाजूला ओळीने चिकटपट्टीने लावले, एक टोक मोकळं ठेवून. मागे लोखंडी पट्टीवर मोबाइल बांधला, कॅमेरा डिफ्यूजरच्या आत रोखून. कोन कमी ठेवला तेव्हा व्हिडिओत सगळे धागे मागच्या दिशेने ताठ, जरासे थरथरत. मग कोन वाढवला. पुढचे धागे तसेच ताठ होते, पण वरच्या कडेजवळचे धागे गोंधळले. काही गोल फिरत होते, काही तर चक्क पुढे तोंड करून उभे राहिले होते. तिथं हवेने तळाची साथ सोडली होती. पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर आधीच मंदावलेला असतो, त्याला वाढत्या दाबाकडे चालत जायचं असतं, आणि चढ फार झाला की तो थकून थांबतो, उलटा फिरतो. भाचा रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होता. मला म्हणाला, "मामा, कडेचे धागे बघा. मधल्यांच्या आधी कडेचे बिघडतात."

त्याने नेमकं मर्म पकडलं होतं. पोटाखालच्या हवेचा सगळा इतिहास कडांचा आहे.

मी सातपूरला डिझेल इंजेक्शनच्या सुट्या भागांच्या कामात आयुष्य घालवलं. आमच्याकडे नोझलची सुई आणि तिची बॉडी यांच्यात दोन-चार मायक्रॉनची फट असते. त्याहून जास्त झाली की डिझेल सुईच्या कडेने मागे गळतं, मग दाब कितीही चढवा, फवारा नीट होत नाही. दाब तयार करणं हे काम आहेच, पण तो गळू न देणं हे त्याहून चिकट काम. गाडीच्या खाली उलटा प्रकार असतो. तिथं दाब कमी असतो आणि बाजूची हवा सतत कडेने आत घुसायला बघते. ती घुसली की ओढ गेली.

हे पहिल्यांदा नीट उमगलं ते लोटस या फॉर्म्युला वन टीमच्या माणसांना. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर इंजिनिअर पीटर राइट लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या विंड टनेलमध्ये, म्हणजे मॉडेलवर हवा सोडून बघायच्या बोगद्यात, लोटसचा मालक कॉलिन चॅपमनच्या टीमसाठी काम करत होता. गाडीच्या मॉडेलचे बाजूचे भाग उलट्या पंखासारखे कोरलेले होते. चाचण्या चालू असताना ते भाग जमिनीच्या जवळ झुकले की मोजणीचे आकडे बदलत. म्हणून मॉडेलच्या दोन्ही कडांना जमिनीपर्यंत पोचतील अशा पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवून बघितल्या, आणि खाली ओढणारा जोर एकदम उसळला. पुठ्ठा आणि चिकटपट्टी! त्यातून १९७७ ची लोटस ७८ आली, मग १९७८ ची लोटस ७९. कडांना वर-खाली सरकणारी झालर, जी रस्त्याला घासत चाले आणि बाजूची हवा अडवे. लोटसचा ड्रायव्हर मारिओ आंद्रेत्ती त्या वर्षी विश्वविजेता झाला.

त्याच १९७८ साली ब्रॅबम टीमने डिझायनर गॉर्डन मरेची बीटी४६बी ही गाडी आणली. तिच्या मागे मोठा पंखा होता. तो इंजिन थंड करण्यासाठी आहे असं सांगितलं जाई, पण झालरीच्या आतली हवाही तोच उपसून काढत असे. स्वीडनच्या शर्यतीत निकी लाउडा ती घेऊन जिंकला आणि ती गाडी परत कधी शर्यतीत उतरली नाही. अमेरिकेत जिम हॉलने १९७० सालीच चॅपराल २जे मध्ये दोन पंखे आणि त्यांच्यासाठी वेगळं इंजिन लावून हेच करून दाखवलं होतं. पंख्याचा मोह मला कळतो, कारण त्याला गाडीच्या वेगाची गरज नाही, उभ्या गाडीलाही तो रस्त्याला चिकटवू शकतो. तरी झालरीची कल्पना मला जास्त खानदानी वाटते.

झालरीत धोका होता. एखाद्या उंचवट्यावर ती अडकली की क्षणात ओढ नाहीशी होई, आणि ती अशा वळणात जाई जिथं ड्रायव्हर तिच्याच भरवशावर आत शिरलेला असे. १९८१ मध्ये सरकत्या झालरींवर बंदी आली. १९८३ पासून चाकांमधला तळ सपाटच हवा असा नियम झाला. उरला फक्त मागचा डिफ्यूजर, तोही उघड्या कडांचा.

आणि इथं धूर गोष्टीत येतो. १९८३ मध्येच रेनॉने आरई४० गाडीत एक्झॉस्टची तोंडं डिफ्यूजरमध्ये सोडली. मंदावलेल्या हवेला मागून ढकलणारा जोरकस झोत मिळाला तर ती तळाला चिकटून राहील, डिफ्यूजर थोडा जास्त उचलता येईल. पुढची अनेक वर्षं ही युक्ती अधूनमधून डोकं वर काढत राहिली. तिचं खरं रूप दिसलं २०१० आणि २०११ मध्ये, रेड बुलच्या गाड्यांवर.

तेव्हाची इंजिनं २.४ लिटरची, आठ सिलिंडरची, मिनिटाला १८,००० फेरे मारणारी. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांना एकदा सगळे सिलिंडर भरून रिकामे होतात. म्हणजे मिनिटाला ९,००० वेळा २.४ लिटर, सेकंदाला ३६० लिटर हवा. ती जळून बाहेर पडते तेव्हा सिलिंडरच्या तोंडाशी ९०० अंशांच्या आसपास तापलेली असते, त्यामुळे तिचं आकारमान चौपटीच्या जवळ जातं. सेकंदाला हजार लिटरच्या कितीतरी वर, तापलेला, सुसाट वायू. इतकी ताकद इतकी वर्षं नुसती मागे सोडून देत होतो आपण.

रेड बुलचा डिझायनर ॲड्रियन न्यूई याने तो झोत डिफ्यूजरच्या कडेला लावला. २०१० च्या आरबी६ वर एक्झॉस्टची तोंडं खाली आणली होती, आणि हंगामाआधीच्या चाचण्यांत इतरांच्या नजरेला पडू नये म्हणून वर, नेहमीच्या जागी, एक्झॉस्टच्या तोंडाचं चित्र असलेले स्टिकर लावले होते. २०११ च्या आरबी७ वर ती तोंडं चपटी होऊन मागचं टायर आणि डिफ्यूजर यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत पोचली. तीच जागा का, हे समजून घ्यायला टायरकडे बघावं लागतं. फिरतं टायर रस्त्याला टेकतं तिथं समोरची हवा चिरडली जाते आणि पिचकारीसारखी दोन्ही बाजूंना उडते. आतल्या बाजूला उडालेली हवा थेट डिफ्यूजरच्या कडेत शिरते आणि तिथला प्रवाह बिघडवते. एक्झॉस्टच्या झोताने ही पिचकारी बाहेर ढकलली आणि डिफ्यूजरची कड बंद केली. कड बंद झाल्यावर न्यूईला गाडीचा मागचा भाग आणखी उंच ठेवता आला. सगळा तळच एका मोठ्या डिफ्यूजरसारखा वागू लागला. लोटसने प्लास्टिकची झालर लावली होती. तीन दशकांनी तीच झालर धुराची झाली. नियमांत घन पदार्थाच्या झालरीला बंदी होती. वायूला कोण अडवणार?

त्या वर्षी १९ शर्यतींपैकी १८ मध्ये पहिल्या जागेवरून सुरुवात रेड बुलने केली. ३० ऑक्टोबर २०११ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारताची पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, नारायण कार्तिकेयनही होता तिच्यात, आणि जिंकला तो सेबास्टियन व्हेटेल, हीच धुराची झालर घेऊन.

या झालरीत एक मोठी अडचण होती. धूर ॲक्सिलरेटरवर अवलंबून. वळण आलं की ड्रायव्हर पाय उचलतो, ब्रेक मारतो, आणि नेमकं तेव्हाच धूर मंदावतो, मागची पकड सैल पडते. पकड सगळ्यात जास्त हवी त्याच क्षणाला ती जाते. ड्रायव्हरला उपजत बुद्धीच्या विरुद्ध वागावं लागे. मागचं टोक सुटायला लागलं की आपण कुणीही पाय उचलू. इथं पाय दाबला तर पकड परत येई. व्हेटेलला हे अंगवळणी पडलं, रेड बुलचा दुसरा ड्रायव्हर मार्क वेबरला तितकं नाही, असं त्या वेळचे जाणकार सांगत. माझ्या मते हे त्या काळातल्या ड्रायव्हिंगचं सगळ्यात अवघड अंग होतं आणि बाहेरून ते कुणालाच दिसत नसे.

इंजिनवाल्यांनी यावर उपाय काढला. ड्रायव्हरने पाय उचलला तरी थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, उघडंच ठेवायचं. इंधन आणि ठिणगी बंद ठेवली तर इंजिन नुसता हवेचा पंप होतं आणि थंड हवा मागे फेकतं. त्याहून पुढची पायरी म्हणजे थोडं इंधन सोडायचं, ठिणगी उशिरा द्यायची, म्हणजे जाळ सिलिंडरमध्ये ताकद न देता एक्झॉस्टमध्येच होतो आणि गरम झोत चालू राहतो. वळणात शिरताना त्या गाड्यांचा फुटका, घरघरता आवाज याचाच. जुलै २०११ मध्ये सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीपुरती पाय उचलल्यावर थ्रॉटल दहा टक्क्यांच्या वर उघडं ठेवायला मनाई झाली. ती शर्यत फेरारीच्या फर्नांडो अलोन्सोने जिंकली. इंजिनवाल्यांची तक्रार झाली, वाद झाले आणि पुढच्या शर्यतीपासून ती मर्यादा मागे घेतली गेली.

माझं मत विचाराल तर मर्यादा तशीच राहायला हवी होती. इंजिन चालतंच आहे, धूर बाहेर पडतोच आहे, त्याला कामाला लावलं, इथपर्यंत मी टोपी काढायला तयार आहे. पण ड्रायव्हर ताकद मागत नसताना निव्वळ धुरासाठी इंधन जाळायचं, हे इंजेक्शनच्या धंद्यात थेंब थेंब वाचवण्यात हयात घालवलेल्या माणसाला बघवत नाही. आम्ही नोझलच्या भोकाच्या व्यासावर आठवडे काढतो, ते डिझेलचा कण न् कण चाकाला ताकद द्यायला जळावा म्हणून.

भाच्याला मात्र हे वाचून सुरसुरी आली. त्यांच्या गाडीत ड्यूकचं ३७३ सीसीचं इंजिन आहे. "मामा, सायलेन्सर डिफ्यूजरच्या कडेला वळवू या का?" मी त्याला वही उघडायला लावली. ८,००० फेऱ्यांना मिनिटाला ४,००० वेळा ३७३ सीसी, म्हणजे सेकंदाला जेमतेम २५ लिटर. कुठं ३६० आणि कुठं २५. तोही एका सिलिंडरचा, म्हणजे झोत तुटक, धक्के खात येणारा. साठच्या वेगाला, आधीचंच दीडपटीचं गणित मांडलं, तर तळाखालून दर चौरस मीटरला वीस किलोच्या आसपास मिळतात. त्यात धुराने भर किती पडणार? शिवाय फायबरमधलं रेझिन उष्णतेने मऊ पडतं, हे वेगळंच. फॉर्म्युला वनमध्ये तळाला सिरॅमिकचा थर देत, तरी जळण्याची धास्ती असे. पोरगा नाराज झाला, पण त्याने आकडे दोनदा तपासले आणि मान्य केले.

२०१२ मध्ये नियमाने एक्झॉस्टची तोंडं वर आणि आत ढकलली. तरीही टीमनी गाडीच्या बाजूचा उतार असा घडवला की धूर त्या उताराला चिकटून खाली वळेल आणि थेट डिफ्यूजरच्या कडेशी पोचेल. वाहतं द्रव्य बाकदार पृष्ठभागाला धरून वळतं, याला हेन्री कोआंडाचं नाव आहे. दोन हंगाम हे चाललं. २०१४ पासून टर्बो इंजिनं आली, धुरातली ताकद टर्बाइन खाऊ लागलं आणि एक्झॉस्टचं मुख्य तोंड मागे मधोमध एकच ठेवायचा नियम झाला. धुराची झालर संपली.

कडांचा प्रश्न संपला नाही. २०२२ मध्ये लोटसच्या काळासारखे पोटाखाली कोरलेले बोगदे परत आले आणि पहिल्याच चाचण्यांत गाड्या सरळ रस्त्यावर वर-खाली आपटू लागल्या. तळ रस्त्याच्या फार जवळ आला की प्रवाह कोंडतो, ओढ जाते, गाडी उसळते, उसळली की प्रवाह मोकळा होतो आणि परत खाली ओढली जाते, सेकंदाला अनेक वेळा. बाकूच्या शर्यतीनंतर लुइस हॅमिल्टनला गाडीतून उतरताना पाठ धरावी लागली होती. २०२३ साठी नियमकर्त्यांनी काय बदललं असेल? तळाच्या कडा १५ मिलिमीटरने वर उचलायला लावल्या. कड रस्त्यापासून दूर गेली की बंदोबस्त ढिला होतो, ओढ थोडी कमी होते आणि आपटणं आटोक्यात येतं.

आता झालरही नाही आणि धूरही नाही, तेव्हा कड बंद करायला भोवरे वापरतात. तळाच्या पुढच्या तोंडाशी उभ्या पट्ट्या असतात, त्यांच्या टोकावरून सुटलेला भोवरा कडेने गोल फिरत मागे जातो आणि बाहेरची हवा आत येऊ देत नाही. भाच्याच्या नव्या ड्रॉइंगमध्ये तळाच्या दोन्ही कडांना तशा पट्ट्या आहेत, कोन अजून ठरलेला नाही. डिफ्यूजर मात्र त्याने खाली आणला, धागे जिथं ताठ होते त्या कोनाला. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत या कॉलेज टीमच्या स्पर्धेला जायच्या आधी पिवळी लोकर या वेळी कडेला जास्त दाट लावायची, हे आमचं ठरलं आहे.